अंगणवाडीचा पैसा जातो कुठे, आणि कुर्ल्यातल्या आईने तो मागायचा कोणाकडे?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ते आधी सुटे करते. तुम्ही कुर्ल्याला राहता, मुलगा चार वर्षांचा. वस्तीतली अंगणवाडी दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत भरते, चाळीसेक मुलं, दोन-अडीच तास, खिचडी खाल्ली की सगळी घरी. म्हणून तुम्ही त्याला महिना ९०० रुपयांच्या नर्सरीत घातलंत. सेविकाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "वरून निधीच येत नाही." बातम्यांत मात्र महिला व बालविकास विभागाला हजारो कोटी मिळाल्याचं दिसतं. मग पैसा जातो कुठे, मागायचा कोणाकडे, आणि मुलाला नर्सरीतून काढायचं का?

मी मुंबईतल्या अंगणवाड्यांच्या एका नागरी प्रकल्पात अकरा वर्षं मुख्यसेविका होते, पंचवीस अंगणवाड्या माझ्या देखरेखीखाली होत्या. नंतरची दहा वर्षं वस्तीतल्या बायकांबरोबर बसून सरकारी अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचते आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालंय की "पैसा नाही" हे अर्धंच उत्तर आहे. मुंबईतली अंगणवाडी सगळ्यात जास्त अडते ती जागेवाचून. आणि या शहरात जागा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्यापैकी एकाचंही अंगणवाडी हे काम नाही.

पण आधी पैशाचा हिशेब करू, कारण तो तुम्हाला चकित करेल. तुमच्या अंगणवाडीत ३ ते ६ वयाची ४० मुलं धरा. आहाराचा दर मुलामागे दिवसाला ८ रुपये, आणि वर्षाला ३०० दिवस आहार द्यायचा असतो, म्हणजे महिन्याला सरासरी २५ दिवस. ४० मुलांचे झाले ८,००० रुपये. महानगरात अंगणवाडीच्या खोलीचं भाडं केंद्राच्या निकषांप्रमाणे जास्तीत जास्त ८,००० रुपये. म्हणजे चाळीस मुलांच्या महिन्याच्या जेवणाला जितके लागतात तितकेच त्या एका खोलीला. सेविकेचं मानधन १३,००० आणि मदतनीसाचं ७,५००. पूर्वशालेय शिक्षणाचा संच, म्हणजे खेळणी, चित्रं, रंग, ठोकळे, यासाठी वर्षाला एका अंगणवाडीमागे ५,००० रुपये, महिन्याचे साधारण ४१७. सगळं मिळून ३६,९०० च्या आसपास. चाळिसांनी भागा. एका मुलामागे महिन्याला सुमारे ९२० रुपये.

तुम्ही नर्सरीला जेवढे देता, तेवढेच. प्रोत्साहन भत्ता, देखरेखीचा खर्च आणि तान्ह्या भावंडांचा घरी न्यायचा आहार मी धरलेला नाही. तरीही यातून दोन गोष्टी दिसतात. एक, अंगणवाडी फुकटात चालत नाही, तुमच्या मुलाच्या नावावर बऱ्यापैकी रक्कम निघते. दुसरी मला जास्त खुपते: या ९२० मधले मुलाच्या हातात येणाऱ्या खेळण्यांचे आणि चित्रांचे महिन्याला जेमतेम १० रुपये आहेत.

असं का झालं, याचं मूळ कायद्यात आहे. आहार हा मुलाचा हक्क आहे. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात एकामागून एक आदेश दिले. २००४ साली अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार दूर ठेवून काम बचत गट आणि महिला मंडळांना द्यायला सांगितलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला अंगणवाडीत मोफत आहार मिळणं कलमातच बसवलं. खिचडी बंद पडली तर तुम्ही कायद्याचा आधार घेऊन भांडू शकता. शिक्षणाचं तसं नाही. राज्यघटनेतला शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वयाचा. सहा वर्षांखालच्यांसाठी अनुच्छेद ४५ आहे, त्यात राज्याने "प्रयत्न करावा" असं म्हटलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ सुद्धा सरकारला ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी व्यवस्था करण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हे वय शिक्षणाच्या पायात घेतलं आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि खजिन्यातून पैसा निघताना आधी कायद्याने बांधलेला खर्च निघतो.

आता "वरून निधी येत नाही" याबद्दल. वर म्हणजे दोन ठिकाणं, आणि ती एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून वाटणी माहीत असू द्या. आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. मानधन, भाडं, संच यांसारखा बाकीचा खर्च ६० टक्के केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. मानधनाची केंद्राने मान्य केलेली रक्कम ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० आहे. त्यातले २,७०० केंद्राचे, १,८०० राज्याचे. वरचे ८,५०० महाराष्ट्र स्वतःच्या तिजोरीतून घालतो. म्हणजे सेविकेच्या १३,००० पैकी १०,३०० राज्याचे आहेत. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात सेविका-मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सेविकांचं मानधन वाढून १३,००० झालं. राज्याने मनावर घेतलं तर केंद्राच्या दरावर भर घालता येते, याचा हा पुरावा. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून राज्य गरोदर बायकांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी-केळी देतंच आहे. आहाराचा ८ रुपयांचा दर २०१७ चा आहे. तेव्हाची डाळ आणि आताची डाळ यातला फरक तुमच्याइतका कोणाला ठाऊक असणार? त्यामुळे "केंद्राने दर वाढवला नाही" हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही.

बातम्यांतले हजारो कोटी खरे आहेत. फक्त विभागाचा एकूण आकडा पाहून अंगणवाडीबद्दल काहीच कळत नाही. लाडकी बहीण योजना याच विभागाची, आणि एकट्या तिच्यासाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद होती. त्या योजनेला माझा विरोध नाही, आमच्या मंडळातल्या कितीतरी जणींना त्या १,५०० रुपयांचा आधार आहे. पण विभागाचा आकडा फुगला म्हणून अंगणवाडीचा फुगला असं होत नाही. पुस्तक वाचायचं तर मुख्य लेखाशीर्ष २२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण आणि २२३६ पोषण यांखालची एकात्मिक बालविकास सेवा योजनेची ओळ शोधा, अंगणवाड्या याच योजनेतून चालतात. तिथे तीन रकाने दिसतील: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च. भाषणात पहिला रकाना वाचला जातो, अंगणवाडीपर्यंत पोचतो तो तिसरा. शासनाच्या बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर त्या वर्षात किती निधी वितरित झाला तेही बघता येतं. माझ्या पाहण्यात भाडं रखडायचं ते बहुतेक वेळा तरतूद नसल्यामुळे नाही. हप्ता उशिरा सुटायचा, आणि आलेल्या हप्त्यातून मानधन आधी आणि भाडं शेवटी जायचं.

त्या शेवटच्या नंबरामुळे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या देखरेखीखालच्या एका अंगणवाडीचं भाडं सात महिने आलं नव्हतं. मी कार्यालयात दर महिन्याला कागद देत होते, दर महिन्याला "पुढच्या हप्त्यात" हे उत्तर. सेविकाबाईंनी दोन महिन्यांचं भाडं स्वतःच्या मानधनातून भरलं. आठव्या महिन्यात घरमालकाने कुलूप लावलं. मुलांच्या ताटल्या, वजनकाटा, रजिस्टर सगळं आत. पंधरा दिवस अंगणवाडी एका देवळाच्या ओट्यावर भरली. त्या बाईंनी तेवढ्यातही मुलांना गाणी म्हणायला लावली, खडे मोजायला दिले. तुमच्या सेविकाबाई चिडून बोलत असतील तर हे लक्षात असू द्या.

आता मूळ मुद्दा, जागा. 'अंगणवाडी' हा शब्द बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या कामातून आला. त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं होतं, पण पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्यावर त्यांना आणि अनुताई वाघांना कळलं की आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जायचं. २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी अंगणवाडीची राष्ट्रीय योजना सुरू झाली, त्यात आपली धारावी होती. म्हणजे मुंबईची वस्ती पहिल्या दिवसापासून या योजनेत आहे, पण योजना अजून गावातलं अंगण गृहीत धरूनच चालते. गावात ग्रामपंचायत जागा देते, जिल्हा परिषद इमारत बांधते, अंगणवाडीही जिल्हा परिषदेमार्फत चालते. मुंबईत अंगणवाड्या महापालिकेच्या नाहीत. नागरी प्रकल्प थेट राज्याचे, त्यांचं आयुक्तालय बेलापूरच्या रायगड भवनात. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,००० कोटींच्या वर होता, पण त्यातून ती बालवाड्या चालवते त्या आपल्या शाळांत, वेगळ्या शिक्षिका घेऊन. एकाच गल्लीतली दोन भावंडं, एक राज्याच्या अंगणवाडीत, दुसरं पालिकेच्या बालवाडीत, आणि दोन्हीकडच्या ताई एकमेकींना ओळखत नाहीत. हे मी बरेचदा पाहिलं.

म्हणून तुमची वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. कुर्ल्यात तर म्हाडा, पालिका, जिल्हाधिकारी, रेल्वे, विमानतळ सगळेच जमीनमालक. रेल्वेच्या किंवा विमानतळाच्या जमिनीवर असाल तर पक्क्या बांधकामाची आशा ठेवू नका, तिथे भाड्याचीच खोली आणि भाडं वेळेवर यावं हाच लढा. झोपडीचा मालक ३०-४० हजार डिपॉझिट मागतो आणि सरकार डिपॉझिट देत नाही, ही अडचण तिथे येईलच. मी दोन ठिकाणी महिला मंडळाला डिपॉझिट भरायला तयार केलं, करार मंडळाच्या नावाने लेखी केला आणि मगच खोली अंगणवाडीला दिली. लेखी नसेल तर ते पैसे बुडाले समजा.

तुमच्या शेजारी पालिकेची शाळा असेल तर तिथे आधी जाऊन बघा. बऱ्याच शाळांचे पट घसरलेत आणि वर्ग रिकामे आहेत. अंगणवाडी शाळेच्या आवारात असावी असं २०२० चं धोरणही सुचवतं. परवानगी पालिकेच्या शिक्षण विभागाची लागते, त्यामुळे अर्ज तिथे आणि अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयात, दोन्हीकडे एकाच दिवशी द्या आणि एकमेकांच्या प्रती जोडा. नाहीतर सहा महिने "त्यांचं पत्र आणा" यात जातात.

आणि वस्तीचं पुनर्वसन होऊन इमारती उभ्या राहिल्या असतील, तर सगळ्यात हक्काची जागा तिथेच आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत सोसायटीचं कार्यालय आणि कल्याण केंद्राबरोबर बालवाडीची खोली देणं विकासकावर बंधनकारक आहे. ती नकाशात असते. प्रत्यक्षात तिला कुलूप असतं, किंवा तिथे व्यायामशाळा असते. आमच्या बायकांनी एका इमारतीत ती खोली शोधली तेव्हा आत मंडपाचे बांबू आणि जुनी कपाटं होती, आणि सोसायटीच्या लोकांना ती बालवाडीची आहे हे खरंच माहीत नव्हतं. मंजूर नकाशाची प्रत वांद्र्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या कार्यालयातून माहिती अधिकारात काढली आणि सर्वसाधारण सभेत ठेवली. त्यावर कोणी वाद घातला नाही. तरी खोली अंगणवाडीला मिळायला चौदा महिने गेले. पण मिळाली, भाडं शून्य, आणि खिडकीतून ऊन येतं.

पैसा मागायचा तर कोणाकडे? तुम्ही मंत्रालयात जाऊ नका. पहिला कागद बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला. अंगणवाडीचा क्रमांक घालून विचारा: पटावर किती मुलं, खोलीचं मंजूर भाडं किती, कोणत्या महिन्यापर्यंत दिलं, संच शेवटचा कधी मिळाला. उत्तर नाही आलं तर हेच प्रश्न दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात. "निधी कुठे गेला" असं कधी विचारू नका, त्याला उत्तर नसतं. महिना आणि रक्कम विचारा. दुसरा दरवाजा जिल्हा नियोजन समितीचा. मुंबईत दोन जिल्हे आहेत, कुर्ला उपनगरात, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा असतो. दुरुस्ती, रंगरंगोटी, शौचालय, पाण्याची टाकी, खेळणी यांना हा पैसा चालतो, जर जागा कायदेशीर असेल तर. पुन्हा जागाच आडवी येते, म्हणून तिच्याबद्दल इतकं लिहिलं. प्रस्ताव वर्षाच्या सुरुवातीला द्या. मार्चमध्ये धावपळ करून दिलेल्या प्रस्तावातून कपाटं येतात, शौचालय येत नाही.

नवी अंगणवाडी मागणं जमेल का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल तर तीन महिन्यांत मिळावी, असं २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ४०० ते ८०० लोकवस्तीला एक हा निकषही आहे. पण देशभरात मंजूर अंगणवाड्यांची मर्यादा १४ लाख, आणि राज्याच्या मंजूर संख्येतूनच हलवाहलव करावी लागते. तुमच्याकडे आहे ती अंगणवाडी सुधारणं लवकर होईल.

तासांचं मात्र मला वेगळं सांगायचंय. तुम्ही धुण्याभांड्याला जाता असं लिहिलंय. दोन-अडीच तासांची अंगणवाडी तुमच्या कामाला पुरत नाही, आणि नर्सरीही पुरत नाही, मग मूल उरलेला दिवस शेजारणीकडे. मुंबईत बांधकामांवरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी १९७२ पासून मोबाईल क्रेशेस या संस्थेने पाळणाघरं चालवली, ती याच गरजेतून. आता केंद्राच्या पालना योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं: महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, वेगळी पाळणाघर सेविका आणि मदतनीस. यातही खर्चाची वाटणी ६०-४० आहे, पण प्रस्ताव राज्याने पाठवावा लागतो, आणि तो खालून मागणी गेली तरच जातो. तुमच्या गल्लीतल्या कामाला जाणाऱ्या आयांची नावं, कामाच्या वेळा आणि मुलांची वयं एका कागदावर लिहून प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या. मी मुख्यसेविका असताना असा एक कागद हातात असता तर माझं म्हणणं कितीतरी जोरात मांडता आलं असतं.

राहिला तुमचा मुलगा. नर्सरीतून काढायचं की नाही ते तिथे काय चालतं यावर आहे, फीवर नाही. एक दिवस दाराशी उभं राहून बघा. चार वर्षांच्या मुलाला तासभर रेघा आणि 'ए बी सी डी' गिरवायला बसवत असतील, तर दहा बाय बाराच्या खोलीत गोष्ट सांगणारी, बडबडगीतं म्हणून घेणारी, मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारी सेविका मला कधीही जास्त मोलाची वाटते. राज्याच्या अंगणवाड्यांत 'आकार' हा अभ्यासक्रम आहे, केंद्राचा 'आधारशिला' आहे, दोन्ही खेळातूनच शिकवायला सांगतात. सेविकाबाईंना त्यातलं काय घेता येतं ते विचारा. ऑनलाइन नोंदी, सर्वेक्षणं आणि बैठकांतून त्यांना त्या मुलांसाठी खरा किती वेळ मिळतो, तेही विचारा. नर्सरीत मूल रमलं असेल, खेळत असेल, तर राहू द्या, त्यात काही चूक नाही. पण त्याचं नाव अंगणवाडीच्या पटावरून काढू नका. वजन-उंची, लसीकरण, आहार हे त्याच्या हक्काचं आहे. आणि पट घसरला की कार्यालयात पहिला प्रश्न येतो तो "या खोलीला भाडं कशाला?" हाच.